दोघंच

"काका, खोली मिळाली," श्यामकांत आमटीचा भुरका घेता घेता म्हणाला, आणि कुमुदिनीच्या हातातला भाताचा डाव चिंतामणीच्या ताटावर अधांतरीच राहिला.

तसं पाहिलं तर दचकावं असं त्यात काही नव्हतं. श्यामकांत चिंतामणीच्या थोरल्या भावाचा मुलगा. अंबरनाथच्या कारखान्यात लागला तेव्हापासून काकाकडेच राहत होता, आणि गेल्या मार्गशीर्षात लग्न झालं तेव्हा बायकोलाही इथंच घेऊन आला होता. कारखान्याचं क्वार्टर दीड खोलीचं. आतली खोली नव्या जोडप्याला दिली, बाहेरच्या खोलीत चिंतामणी आणि कुमुदिनी हे नवराबायको झोपायला लागले. कधी ना कधी ते जोडपं वेगळं बिऱ्हाड करणार, हे धरूनच होतं. तरी कुमुदिनीला वाटलं, आपण उभ्या आहोत ती फरशी कुणीतरी खालून अलगद उचलून पाहिली आणि पुन्हा ठेवून दिली.

"कुठं मिळाली?" चिंतामणीनं विचारलं.

"निर्वासितांच्या कॅम्प एकला. बराकीतली आहे. एक सिंधी कुटुंब सोडून चाललंय. शहाड स्टेशन जवळ पडतं. लहानच आहे खोली, पण काय, आम्ही दोघंच."

सुहासिनी, त्याची बायको, ताटाकडे बघून हसली. हसताना तिनं ओठ मिटून घेतले होते, पण हसू गालांवर, कानांवर, मानेपर्यंत पसरत गेलं. चिंतामणीनं वर पाहिलं नाही. भात कालवणारी त्याची बोटं थांबली आणि पुन्हा चालू लागली. ते थांबणं कुमुदिनीला दिसलं. आपल्याला दिसलं हे त्यालाही कळलं, हेही तिला कळलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा दोघांच्या मनात एकाच क्षणी एकच गोष्ट आली होती, आणि ती भीती होती.

"छान झालं," तो म्हणाला. "भात वाढ ना."

तिनं भात वाढला.

दुपारी मोरीवर भांडी घासताना सुहासिनीनं तोच विषय काढला. ती राखेनं पितळी घासायची आणि कुमुदिनी विसळून पालथी घालायची. पोरगी एरवी फारशी बोलायची नाही, पण आज तिला राहवत नव्हतं. "काकू, मला ना अजून खरंच वाटत नाही. म्हणजे इथं काही कमी आहे असं नाही हं. पण तुम्हाला कळेल. तुम्ही तर बेटावर राहिलात, दोघंच. हे सांगत होते, सगळ्या घराण्यात असं नशीब कुणाचं नव्हतं. कसं वाटायचं हो?"

कुमुदिनीच्या हातातून वाटी पाण्यात पडली. "कसं म्हणजे?"

"म्हणजे... कुणी बघणारं नाही, ऐकणारं नाही." सुहासिनीनं मान खाली घातली. "मनात येईल ते मोठ्यांदा बोलता येत असेल."

मोठ्यांदा. हो, पहिले काही दिवस ती दोघं खरंच ओरडत होती. तो पुळणीच्या एका टोकाला उभा राहून "कुमुद!" म्हणून हाक मारायचा, ती दुसऱ्या टोकाहून "ओ!" म्हणायची, आणि समुद्राला त्याचं काहीच वाटायचं नाही. पण मोठ्यांदा बोलण्याची ही हौस आली कुठून ते या पोरीला काय माहीत. ती आली होती बदलापूरच्या घरातून. गावातलं ते घर, सासूबाई म्हणजे माई, थोरले दीर श्रीपाद, जाऊबाई, त्यांची मुलं, आणि या सगळ्यांत नवी नवरी म्हणून आलेली ती. दोन खोल्यांच्या मधे एक जुनं लुगडं पडदा म्हणून टांगलेलं. पडद्याच्या अलीकडे ही दोघं, पलीकडे माई आणि मुलं, त्या मुलांत हाच श्यामकांत, तेव्हा शाळेत जाणारा. रात्री हसू आलं तर उशी दातांत धरायची. चिंतामणी मुंबईला हवामान खात्यात होता. उजाडायच्या आत निघायचा, दिवेलागणीला परतायचा, आणि मागच्या दारी पाय धुवायला यायचा. त्याच्या पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन ती जायची. तेवढा तांब्या रिता होईपर्यंतचं बोलणं त्यांचं. ती धार अगदी बारीक सोडायची. तो एकच पाय पुन्हा पुन्हा चोळत राहायचा. काय बोलायचे? काहीच नाही. आज गाडीत अमुक भेटला, आज माई रागावल्या, केसात काय माळलंस. पण त्या बारीक धारेखाली प्रत्येक शब्द इतका ओला, इतका जड व्हायचा की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरायचा. तांब्या संपला की माईंची हाक यायचीच. मग तो कुजबुजायचा, "कुमुद, एकदा कुठंतरी लांब जाऊ. जिथं कुणी म्हणजे कुणी नसेल. मग तुला सगळं सांगीन."

"काय सांगाल?"

"खूप आहे," तो म्हणायचा.

त्या 'खूप'वर तिनं दीड वर्ष काढलं. ताकाची रवी घुसळताना, जाऊबाईंच्या मुलाचं नाक पुसताना, आपल्यासाठी कुठंतरी खूप काही साठवलेलं आहे ही जाणीव तिच्या पोटाशी ऊबदार असायची. मग एक दिवस खात्यानं विचारलं, मलबारच्या किनाऱ्यापासून दूर एका बेटावर ठाणं आहे, वारा-पाऊस मोजून तारेनं कळवायचं, कोण जायला तयार आहे? कुणीच तयार नव्हतं. चिंतामणीनं घरी न विचारता हो म्हटलं. माई रडल्या. श्रीपादभावोजी म्हणाले, "काळ्या पाण्यावर बायकोला नेतोस?" आणि मागच्या दारी, तांब्याच्या धारेखाली, ती दोघं हसू आवरत उभी होती.

"काकू?" सुहासिनी म्हणाली. "सांगा ना."

कुमुदिनीनं वाटी पाण्यातून काढली. या पोरीला खरं सांगावं असं तिच्या मनात आलं. तिनं त्या तोंडाकडे पाहिलं. नाकावर राखेचा ठिपका होता.

"फार छान होतं," ती म्हणाली. "नशीब लागतं त्याला."

त्या दिवसापासून खोली सोडण्याची गडबड सुरू झाली, आणि कुमुदिनी मनातल्या मनात एक लाजिरवाणी लढाई लढू लागली. श्यामकांत कामाहून आला की ती चहा देता देता म्हणायची, कॅम्पात पाण्याचे फार हाल आहेत म्हणे. सुहासिनीला एकटीला करमेल का, तिथं सगळे सिंधी, भाषा कळायची नाही. पावसाळ्यात बराकी गळतात. श्यामकांत हसायचा, "काकू, तुम्हाला आमची माया सुटत नाही." चिंतामणीही कधी कधी मधेच म्हणायचा, "घाई काय आहे? दिवाळीनंतर जा." पण तो हे पेपराच्या आडून म्हणायचा आणि कुमुदिनी काही बोलली की गप्प व्हायचा, जणू एकाच खिशात हात घालणाऱ्या दोन अनोळखी चोरांची गाठ पडली आहे. बेटावरून परत आल्यापासून त्यांनी घर कधी रिकामं राहू दिलं नव्हतं. सरकारी नोकरी सोडून त्यानं हा कारखाना धरला. पण बदलापूर इतकं जवळ असून ते तिकडे परत राहायला गेले नाहीत, कारण माईंना रडवून गेल्यावर त्यांना तोंड दाखवण्याचं धैर्य नव्हतं. त्याऐवजी या घरात माणसं आणली. आधी तिचा मामेभाऊ दोन वर्षं राहिला, मग कारखान्यातला एक बिऱ्हाड नसलेला मद्रासी जेवायला यायचा, मग श्यामकांत. मूल झालं नाही. डॉक्टर म्हणाला, दोघांतही काही दोष नाही. सुट्टीच्या दिवशी चिंतामणी शेजारपाजारच्यांना जमवून बेटाच्या गोष्टी सांगायचा. वादळात नारळ कसे तोफगोळ्यासारखे सुटायचे, चहा कसा खारट व्हायचा. लोक हसायचे. तीही एखादी विसरलेली गोष्ट जोडायची, आणि मग तो वळून तिच्याकडे बघायचा, कौतुकानं. चारचौघांच्या खांद्यांवरून आलेली ती नजर तिला अजूनही जुन्यासारखीच लागायची.

बेटावर मात्र त्या नजरेला कुणाच्याही खांद्यावरून यावं लागत नव्हतं. ती सरळ यायची आणि तिथंच थांबायची. पहिले महिने ती दोघं सुखात होती, हे कुमुदिनी कधी नाकारत नाही. वाळूत बांधलेली एक खोली, वर माडाच्या झावळ्या. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून पावसाचं टाकीत साठवलेलं प्यायचं. भाजी नाही. तांदूळ, डाळ, नारळ, आणि पिठात अळ्या. कंदिलाचं रॉकेल पुरवून वापरायचं. पलीकडच्या टोकाला बेटकऱ्यांची वस्ती होती, तिथून दिवसभर सुकत्या मासळीचा वास यायचा. त्यांची भाषा कळायची नाही. कुंजीबी नावाची एक बाई कधीतरी शहाळी घेऊन यायची, कुमुदिनीच्या हिरव्या बांगड्यांवरून बोट फिरवायची, खुदकन हसायची आणि निघून जायची. एवढंच माणूस. या कशाचाच त्यांना त्रास झाला नाही. चिंतामणी खरंच सगळं सांगायला बसला. वडील वारले तेव्हा तो कसा रडला नाही, शाळेत मास्तरांनी कसं मारलं, एका मावसबहिणीवर त्याचं मन कसं बसलं होतं. ती गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकायची. तिनंही आपलं सांगितलं. तिचं लवकर संपलं. मग एका संध्याकाळी तो शाळेतल्या मास्तरांची गोष्ट सांगू लागला, आणि अर्ध्यात तिला कळलं की ही आपण ऐकली आहे. त्यालाही तिच्या चेहऱ्यावरून ते कळलं. तरी त्यानं गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, आणि ती शेवटी हसली, जिथं आधी हसली होती तिथंच. एवढीच होती त्याची 'खूप' गोष्ट. तो खोटं बोलला नव्हता. त्यालाही वाटलं होतं की खूप आहे.

मग पावसाळा आला. बेटावर त्या दिवसांत होड्या येत नाहीत. लोकांनी आपल्या होड्या वाळूवर ओढून झावळ्यांनी झाकून ठेवल्या, आणि समुद्र चारी बाजूंनी बंद झाला. भांडण झालं असतं तर बरं, असं कुमुदिनीला पुढं किती वेळा वाटलं. पण भांडायला काही नव्हतं. तो वाईट नव्हता. ती वाईट नव्हती. एकदा तो ठाण्यावरून चिखलात पाय माखून आला, तेव्हा तिला एकाएकी आठवण झाली. ती धावत जाऊन तांब्या घेऊन आली आणि त्याच्या पायांवर पाणी सोडू लागली, अगदी बारीक धार. तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "भराभर ओत ना. थंडी वाजतेय." त्यात राग नव्हता. त्याला खरंच थंडी वाजत होती. तिनं तांब्या भसकन उपडा केला. मागं माईंची हाक नव्हती. पाणी संपल्यावर सगळी संध्याकाळ तशीच समोर शिल्लक होती, आणि त्यानंतरची, आणि त्याच्याही नंतरची. तो वेळेच्या आधीच ठाण्यावर जायला लागला. ती झावळ्यांतून गळणाऱ्या पाण्याखाली भांडी सरकवत बसायची.

पाऊस ओसरत आला होता तेव्हाची एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितलेली नाही, त्यालाही नाही. दुपारी ती चालत बेटाच्या टोकाला गेली, जिथं पोवळ्याचा खडक पाण्यात शिरतो तिथं, आणि बसली. का, ते तिला ठाऊक होतं. त्यानं शोधत यावं म्हणून. आधी तिला मजा वाटली. तो येईल, घाबरलेला असेल, रागावेल. सूर्य कलला. वाळूवरून खेकडे बिळांतून बाहेर आले आणि तिला खडक समजून तिच्या पायांवरून चालायला लागले. ती हलली नाही. अंधारायला आलं तेव्हा ती उठली आणि घराकडे निघाली, आणि वाटेत तिनं ठरवलं की आपण रडायचं नाही, नुसतं आत जायचं. तो कंदिलाची काच पुसत बसला होता. तिची चाहूल लागली तेव्हा त्यानं मान वर केली. "बाहेर गेली होतीस?" तो म्हणाला. "मला वाटलं, आत आहेस."

खोली एकच होती. तिच्यात आत असं काही नव्हतंच.

तिला तेव्हा त्याचा राग आला नाही. भीती वाटली. कारण तिला आठवलं की परवा सकाळी तीही चूल पेटवताना त्याच्याशी काहीतरी बोलत होती, आणि मागाहून लक्षात आलं होतं की तो केव्हाच ठाण्यावर गेला आहे. तिनं उत्तराची वाटही पाहिली नव्हती.

पुढं त्याला ताप भरला. कसला ते कळायला तिथं वैद्य नव्हता, डॉक्टर नव्हता. तो ग्लानीत पडून होता आणि ती कपाळावर ओल्या घड्या ठेवत होती. कुंजीबी येऊन कसलासा पाला वाटून देऊन गेली. घड्या बदलता बदलता कुमुदिनीच्या मनात आलं, होडी आली की पेटीत काय काय भरायचं. गाद्या इथंच टाकाव्यात. पितळी डबा न्यावा. हिरव्या बांगड्या कुंजीबीला द्याव्यात, कारण मग आपल्याला घालता येणार नाहीत. तिथं तिचा हात थांबला. आपण काय योजतो आहोत हे तिनं स्पष्ट पाहिलं, आणि तिला दुःख होत नव्हतं. उलट आत कुठंतरी मोकळं वाटत होतं, उपासाच्या दिवशी संध्याकाळी वाटतं तसं. तिनं भयानं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे उघडे होते. तो तिच्याकडेच बघत होता, ताप उतरलेल्या माणसाच्या शांतपणानं.

"सामान आवरायचं ठरवत होतीस ना?" तो म्हणाला.

ती नाही म्हणू शकली असती.

"हो," ती म्हणाली.

"मीही ठरवलं असतं," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

त्या सगळ्या काळात ती दोघं एकमेकांशी खरं बोलली ते तेवढंच. पुढं होडी आली. शीड दिसलं तेव्हा तो ठाण्यावरून धावला, ती घरातून धावली, दोघंही वेगवेगळ्या वाटांनी किनाऱ्यावर पोचली, धापा टाकत, आणि त्यांनी एकमेकांकडे पाहिलंही नाही. ती होडीतल्या माणसांकडे बघत राहिली. परतीच्या वाटेवर काथ्याच्या गठ्ठ्यांत, कोंबड्यांत, ओकणाऱ्या बायकापोरांत त्यांना अंग चोरून बसावं लागलं. एक म्हातारा दोघांच्या मधे झोपला होता. त्या म्हाताऱ्याच्या टकलावरून चिंतामणीनं तिच्याकडे बघून हळूच भुवई उडवली, बदलापूरला उडवायचा तशी. तिच्या छातीत जुनी कळ उठली आणि त्याच क्षणी तिला सगळं समजलं. त्यांच्यात जे होतं ते त्या दोघांचं नव्हतंच. ते माईंचं होतं, जाऊबाईंचं होतं, पडदा केलेल्या लुगड्याचं होतं. मधे कुणी असलं की ते जळायचं. मधलं माणूस काढून घेतलं की विझायचं.

श्यामकांत आणि सुहासिनी रविवारी निघाली. निघण्याआधी कुमुदिनीनं शेवटचा प्रयत्न केला. सुहासिनी ट्रंकेत साड्या भरत होती, तिचा हात कुमुदिनीनं धरला. "थोडे दिवस थांब," ती म्हणाली. "निदान हा महिना." सुहासिनीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती वाकून पाया पडली. "काकू, माझ्या आईनंसुद्धा मला असा हात धरून थांबवलं नाही," ती म्हणाली. कुमुदिनीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आपण तिला नाही, स्वतःला वाचवत होतो, हे त्या पोरीला कधी कळू नये एवढंच तिला वाटलं.

सामान टांग्यात घालून चौघंही कॅम्पला गेली. बराक लांबलचक होती, लष्करानं बांधून टाकून दिलेली, आणि आता तिचे पत्र्यांनी, फळ्यांनी, गोणपाटांनी तुकडे पाडून एकेका तुकड्यात एकेक कुटुंब राहत होतं. दारादारांत पापड वाळत होते. श्यामकांतनं कुलूप काढलं. खोली खरंच लहान होती. तिन्ही भिंती मधेच थांबलेल्या. वर छपरापर्यंत सगळं मोकळं, त्यामुळे एका टोकाला कुणी खोकलं की दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाई. सुहासिनी खोलीच्या मधोमध उभी राहून वर बघत होती. तिचं तोंड उतरलं होतं. एवढ्यात फळ्यांच्या वरून एक हात आला, त्यात एक वाटी होती, आणि पलीकडून एका बाईचा दणदणीत आवाज आला, "ओ नई भाभी! मीठा मुँह करो! रोज रात को हमारा बुड्ढा बहुत खाँसता है, बुरा नहीं मानना!"

सुहासिनीनं टाचा उंचावून वाटी घेतली. श्यामकांतनं कपाळाला हात लावला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी धरून, हात तोंडाशी धरून ती इतकी हसू लागली, आवाज न करता, की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. कुमुदिनी दारात उभी राहून ते बघत होती. तिला फार बरं वाटलं आणि लगेच फार एकटं वाटलं. या पोरांना इथं कधीच एकटं राहता यायचं नाही. त्या खोकणाऱ्या म्हाताऱ्याला पुष्कळ आयुष्य लाभो, ती मनात म्हणाली. तिनं वळून नवऱ्याकडे पाहिलं. तो त्या दोघांना बघत नव्हता. बराकीच्या दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेल्या त्या गलक्याकडे, पोरांकडे, दोऱ्यांवरच्या कपड्यांकडे बघत उभा होता, आणि त्याच्या तोंडावर भूक होती.

"निघू या?" तो शेवटी म्हणाला.

"निघू या," ती म्हणाली.

परतताना तोच टांगा होता. टांगेवाला सिंधीच, उतारवयाचा, बोलका. त्यानं विचारलं, बेटा है क्या आपका? भतीजा, चिंतामणी म्हणाला, आणि तिथून गोष्टीला जी सुरुवात झाली ती थांबेना. बेटाची. चिंतामणी टांगेवाल्याच्या शेजारी पुढं सरकून बसला होता. वादळ, उडते नारळ, खारट चहा, सगळं त्यानं आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं. "और वो खेकडा बताओ," कुमुदिनी मागून म्हणाली. "हाँ, वो केकड़ा!" तो म्हणाला आणि वळून तिच्याकडे बघून हसला. एकदा खेकड्यानं त्याची चप्पल बिळात ओढून नेली होती. टांगेवाला इतका हसला की घोड्यानं कान टवकारले. तीही हसली. विठ्ठलवाडी मागं पडली, दोन्ही बाजूंना कापणीला आलेली भाताची खाचरं लागली, ऊन सोनेरी झालं होतं, आणि टांग्यात तिघंही हसत होती.

"उधर और कौन था?" टांगेवाल्यानं विचारलं.

"कोई नहीं," चिंतामणी म्हणाला. "हम दोनों."

"बस दोनों? वाह!" टांगेवाल्यानं मान हलवली. "हम तो इधर एक कमरे में इतने आदमी हैं कि करवट भी पूछ के लेते हैं. आप तो जन्नत देख के आए, साब."

मग चिंतामणीनं त्याला विचारलं, घोडा कितने साल का है, तसा टांगेवाला त्याची कहाणी सांगू लागला, आणि चिंतामणी मधून मधून नको इतके प्रश्न विचारत राहिला. क्वार्टर दिसायला लागलं तेव्हा त्याचे प्रश्न जास्तच लांबले.

टांगा थांबला, ती दोघं उतरली, टांगेवाल्यानं सलाम केला आणि टांगा वळवला. चिंतामणीनं कुलूप काढलं. आत गेल्यावर दोघंही बाहेरच्या खोलीतच उभी राहिली. आतली खोली मोकळी होती, तिचं दार सताड उघडं होतं, आणि जमिनीवर ट्रंक असायची तिथं तेवढा भाग स्वच्छ दिसत होता. उजेड अजून पुष्कळ होता. दिवा लावायला वेळ होता, स्वयंपाकालाही वेळ होता. शेजारच्या क्वार्टरला कुलूप होतं. ती मंडळी रविवारची कुठंतरी गेली असणार. कुमुदिनीनं पदरानं मान पुसली. चिंतामणीनं खुंटीवर टोपी ठेवली, ती नीट बसली नाही म्हणून पुन्हा ठेवली.

"आता आतल्या खोलीत झोपायला हरकत नाही," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही झोपा आत. तिथं वारा येतो."

"नाही, तू झोप."

"कुठंही चालेल मला."

टांग्याचा आवाज अजून येत होता, बारीक झालेला. दोघंही तो ऐकत होती.

"त्याला चहा विचारायला हवा होता," चिंतामणी म्हणाला.

"विचारायला हवा होता. एवढं लांब आणलं त्यानं."

"हाक मारू?"

"मारा ना," ती म्हणाली. आपल्या आवाजातली घाई ऐकून ती स्वतःच चपापली. "आधण ठेवते मी. मारा."

तो अनवाणीच धावला. तिला खिडकीतून दिसत होता, धोतर एका हातानं उचलून धरलेलं, दुसरा हात वर केलेला. "ओ भाई!" तो ओरडत होता. "ओ टांगेवाले! चाय पी के जाव!" इतक्या मोठ्यानं तो किती तरी वर्षांत ओरडला नव्हता. तिनं स्टोव्ह पेटवला, पातेल्यात तीन कप पाणी घातलं आणि पुन्हा खिडकीशी आली. ती खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून वाट बघत होती. तो वळणापर्यंत गेला, थांबला, थोडा वेळ तसाच रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला, आणि मग सावकाश परत यायला लागला.

दारात येऊन त्यानं पाय झटकले. तो आत आला नाही.

"गेला," तो म्हणाला.

तिनं स्टोव्ह बंद केला नाही. पाणी उकळत होतं, तो उंबरठ्यात उभा होता, आणि आत येण्याखेरीज त्याला आता जायला दुसरीकडे जागा नव्हती.